वर्गणी नको, टाका हवा



आमच्या गटात सध्या एक प्रस्ताव फिरतोय. आतापर्यंतची आमची पद्धत अशी : दिवाळी आटोपली की चिठ्ठ्या टाकायच्या. जिच्या नावाची चिठ्ठी येईल तिच्यासाठी आपल्या हाताने काहीतरी शिवायचं आणि संक्रांतीनंतर, रथसप्तमीच्या आत, एका हळदीकुंकवाला जमून ते द्यायचं. तोवर कुणाची चिठ्ठी कुणाकडे आहे हे सांगायचं नाही. तरुण मुली याला 'स्वॅप' म्हणतात, आता आम्हीही तेच म्हणतो. आम्ही चौदाजणी आहोत. प्रस्ताव असा की हे शिवणं बंद करावं. प्रत्येकीने ३०० रुपये काढावेत, ४,२०० रुपये जमतील, एकीने पेठेत जाऊन चौदा सारख्या वस्तू आणाव्यात आणि वाटून टाकाव्यात. डोळ्यांना ताण नाही, कुणाचं छान कुणाचं साधं असा प्रश्न नाही, सगळ्यांना सारखं.

माझा याला विरोध आहे. तोंडी सांगितला असता तर चहाबरोबर संपला असता, म्हणून लिहून मांडते. शिवाय हा आमच्याच गटाचा प्रश्न नाही. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, बेळगाव, कुठल्याही मंडळात विचारा, हीच चर्चा चाललेली दिसेल.

पहिला मुद्दा हिशेबाचा. 'सगळ्यांना सारखं' हा मोठा गुण म्हणून सांगितला जातोय. पण चौदाजणींनी ३०० रुपये दिले आणि चौदाजणींना ३०० रुपयांची वस्तू मिळाली, तर यात दिलं कुणी आणि घेतलं कुणी? प्रत्येकीने आपल्याच पैशाने, आपण न निवडलेली वस्तू, आपल्यालाच विकत घेतली. जमाखर्चाच्या भाषेत ही भेट नव्हे, ही सामुदायिक खरेदी. खरेदीच करायची तर ज्याच्या त्याच्या यादीप्रमाणे करावी, निदान घरात लागणारी वस्तू तरी येईल.

अशा खरेदीचं पुढे काय होतं हे मी सांगायला नको. आपापल्या स्वयंपाकघरातलं सर्वांत वरचं कपाट उघडा. प्लास्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या, चकचकीत कागदातला ट्रे, देवाच्या चित्राची किल्ली अडकवायची पट्टी. यातलं किती आपण वापरतो? वापरत नाही म्हणून पुढच्या वर्षी दुसरीला देतो, ती तिसरीला देते. एखादा डबा गावभर फिरून पुन्हा आपल्याच दारी येतो. वस्तू एवढी फिरते आणि तिच्यात कुणाचाच काही जीव नसतो. अपरिग्रहावर प्रवचन ऐकून घरी यायचं आणि कपाटाचं दार दाबून लावायचं, हे आपल्या घराघरात चाललंय.

हाताने शिवलेल्या भेटीचं असं होत नाही, कारण ती एकाच बाईसाठी शिवलेली असते. आमच्यातल्या एकीला संधिवात आहे. बोटांना चेन ओढवत नाही, बारीक हूक लागत नाही. तिच्यासाठी जे चष्म्याचं घर शिवलं गेलं त्याला मोठं लाकडी बटण आणि सैल फास होता. एक डावखुरी आहे. तिला गरम भांडं उतरवायला डाव्या हाताचा जाड कापडी मोजा मिळाला. तिच्या म्हणण्याप्रमाणे साठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचा डावा हात लक्षात घेतला. एकीला रोज सकाळी बस्तीत जाताना तांदूळ न्यायला सुती खणाचा बटवा मिळाला, तिच्या पदराला खोचता येईल एवढाच. एक वर्षातले तीन महिने परदेशात मुलाकडे थंडीत जाते. तिला गुडघ्यावर टाकायची लहानशी वाकळ मिळाली, विमानाच्या सामानात मावेल अशी, आणि तिच्या सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची. ते लुगडं तिच्या सुनेकडून गुपचूप मागवावं लागलं होतं.

यातली एकही वस्तू पेठेत मिळाली नसती. शिवण अवघड आहे म्हणून नव्हे. ती बाई दुकानदाराला माहीत नाही म्हणून. चिठ्ठी हातात आली की आधी त्या बाईची माहिती काढावी लागते. ती कुठे बसते, काय हातात धरते, तिला काय जड जातं, कुठला रंग तिने वैधव्यानंतर सोडला आणि कुठला मुद्दाम धरून ठेवला. दोन महिने ती आपल्या डोक्यात असते. तयार वस्तू घेताना आपण पैसे नेमके हा विचार टाळण्यासाठी देतो. आपल्या वयात हा विचार करणारं माणूस घरात किती असतं, तुम्हीच सांगा. मुलं पुण्याला, बेंगळुरूला नाहीतर सातासमुद्रापार. काहीजणींचे यजमानही आता नाहीत. वाढदिवसाला फोनवर केकचं चित्र येतं. अशा बाईचा दोन महिने कुणीतरी विचार करतंय, हे ३०० रुपयांत कसं बसवायचं?

मी कॉमर्सची पदवीधर. पुस्तपालनाच्या पहिल्या धड्यांत आम्हाला शिकवलं की जे पैशात मोजता येतं तेवढंच वह्यांत लिहायचं. ख्यातीबद्दलही एक नियम होता. दुसऱ्याचा धंदा घेताना ख्यातीसाठी पैसे मोजले असतील तर ती ताळेबंदात दाखवायची, स्वतः वर्षानुवर्षं मिळवलेली ख्याती दाखवायची नाही. नियम योग्यच आहे, नाहीतर जो तो मनाला येईल तो आकडा लिहील. पण पुस्तकात नाही म्हणजे ती नाहीच, असं कुठल्याही व्यापाऱ्याला वाटत नाही. धंदा विकायला निघाला की पहिला सौदा तिच्यावरच होतो. आमच्या चौदाजणींत एकमेकींबद्दलची जी माहिती आणि माया साठली आहे ती अशीच घरी तयार झालेली ख्याती आहे. ती हिशेबात दिसत नाही म्हणून मोडीत काढायला निघालो तर आपल्याला हिशेबच कळत नाही असं म्हणावं लागेल.

दुसरी सूचना घरातून येते आणि ती कौतुकाच्या वेषात येते. "आई, एवढं सुंदर करतेस, विकत का नाहीस? फोटो टाक, ऑर्डरी येतील." मुलं प्रेमाने म्हणतात, पण त्यामागे एक समजूत असते : बाईच्या हाताला किंमत यायची असेल तर ती पैशाचीच. बरं, किंमत काढूनच पाहू. एका उशीच्या अभ्र्यावर कर्नाटकी कशिदा भरायला माझे साधारण १६ तास जातात. कापड आणि दोरा ११० रुपये. बाजारात मशीनवर भरलेला अभ्रा १५० रुपयांना मिळतो आणि गिऱ्हाईक तेवढेच देईन म्हणतं. १५० वजा ११०, उरले ४०. सोळा तासांनी भागा. ताशी अडीच रुपये. तासाला ५० रुपये जरी धरले तरी त्या अभ्र्याची किंमत ९१० व्हायला हवी. ती द्यायला कोण तयार आहे? आणि अडीच रुपयांत मी माझा तास का विकावा?

यावर कुणी म्हणेल, छंदच आहे, मिळतील ते घ्यावेत. नाही. यात दुसऱ्या बाईचं नुकसान आहे. आपल्या घरची चूल त्या अभ्र्यावर पेटत नाही, पण कितीतरी घरांची पेटते. इला भट्टांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत 'सेवा' ही संघटना सुरू केली. तिच्यात गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायकाही होत्या. नगावर मजुरी, आणि तीही व्यापारी देईल ती. लखनऊत १९८४ मध्ये चिकनकाम करणाऱ्या बायकांसाठी त्याच नावाची संस्था उभी राहिली, तिथेही प्रश्न मजुरीचाच होता. ज्या बाईने दर वाढवून मागण्यासाठी एवढा झगडा केला, तिच्या शेजारी खाऊनपिऊन सुखी असलेल्या आपण बसायचं आणि 'मला काय, वेळ जातो' म्हणत पडत्या भावात विकायचं, हे तिचा दर पाडणं झालं. गरज असेल तिने जरूर विकावं आणि पूर्ण दराने विकावं, तिला माझा नमस्कार. गरज नसेल तिने देऊन टाकावं. आणि विकत घ्यायची वेळ येईल तेव्हा घासाघीस करू नये.

तिसरं वाक्य मला सर्वांत जास्त टोचतं. "वेळ बरा मिळतो बाई तुम्हाला!" वेळ मिळत नाही, काढावा लागतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, म्हणजे जवळजवळ पाच तास. तेच काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. या पाच तासांना 'वेळ कसा मिळतो' असं कुणी विचारत नाही. त्यातून उरलेल्या अर्ध्या तासात बाई सुई घेऊन खिडकीत बसली की मात्र सगळ्या घराला तिचा वेळ दिसतो. कुणी दोन तास मालिका पाहिली तर तो विरंगुळा, आणि आम्ही अर्धा तास शिवलं तर ते रिकामपण!

आणि त्या अर्ध्या तासात जे सुख आहे ते मशीनवर नाही. माझ्याकडे मशीन आहे, पडदे आणि उसवलेल्या शिवणी मी त्याच्यावरच मारते. पण मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा, वरचा एक आणि बॉबिनचा एक, आणि त्याचा वेग तेच ठरवतं. हाताचा टाका एका दोऱ्याचा. तो आपल्या श्वासाच्या चालीने चालतो. मशीनसमोर बसलं की पाठ वळवून एकटीने बसावं लागतं, खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही. सुई घेऊन पाचजणी गोल बसल्या तर बोलणंही होतं आणि शिवणंही. आपल्या आया-आज्या वाकळ अशीच शिवत. ओसरीवर जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, चारी बाजूंनी बसायचं आणि कडेकडून धावदोरा घालत मध्यावर यायचं. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या गाईचं काय, सगळं त्या टाक्यांबरोबर आत जायचं.

आपल्या भागाला तर कशिद्याचं माहेर फार जवळ आहे. धारवाड-हुबळीकडचा हा कशिदा कापडावर नक्षी न उमटवता, कापडाचे धागे मोजून भरतात. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी असे त्याचे चार टाके. गवंती आणि मुर्गी नीट भरले तर उलट आणि सुलट बाजू सारखीच दिसते, आणि गाठ मारायची नाही. रथ, गोपुर, हत्ती, पालखी, तुळशीवृंदावन ही त्याची नेहमीची चित्रं. लग्नातल्या काळ्या चंद्रकळेवर तो भरायची रीत होती. संक्रांतीला आपण हौसेने काळी साडी नेसतो आणि त्याच दिवशी प्लास्टिकचा डबा वाण म्हणून लुटतो, याचं मला नवल वाटतं.

लगेच कुणी म्हणेल, "अक्का, तुम्हाला येतं म्हणून तुम्ही बोलता. माझे टाके वाकडे, द्यायला लाज वाटते." ही अडचण खरी आहे आणि डोळ्यांची त्याहून खरी आहे. मोतीबिंदू झालेल्या बाईला धागे मोजायला सांगणं क्रूरपणा होईल. पण स्वॅप म्हणजे प्रदर्शन नव्हे, तिथे कशिदाच हवा असं कुणी म्हटलेलं नाही. जाड मॅटी कापड घ्या, मोठ्या नेढ्याची सुई घ्या, दोऱ्याचे सहाही पदर ठेवा आणि साधा धावदोरा घाला. उन्हं खिडकीत असतील तेवढाच वेळ बसा. सकाळी नातवाकडून दहा सुया ओवून घ्या. सुती रुमालाची कड दुमडून घातलेला वाकडातिकडा धावदोरा आणि कोपऱ्यात मैत्रिणीच्या नावाचं एक अक्षर, एवढी भेटही पुरी आहे. नोकरी करणाऱ्या सुनेलाही हे चार संध्याकाळींत जमतं. आणि एखाद्या वर्षी खरोखरच जमत नसेल तर तिने चिठ्ठी टाकू नये, हळदीकुंकवाला यावं, तिळगूळ खावा. तिला कुणी नावं ठेवू नयेत.

आता आपल्या शिवणाऱ्या बायकांनाही दोन शब्द. वर्गणीचा प्रस्ताव आकाशातून पडलेला नाही, आपण स्वॅप महाग केला म्हणून तो आला. तयार किट मागवायची, त्यात सगळं कापून दिलेलं असतं, आपण फक्त डिंक लावायचा आणि 'हाताने केलं' म्हणायचं. रंगीत लड्यांचे डबेच्या डबे, चार प्रकारच्या कात्र्या, वापरायला दोन जन्म लागतील एवढ्या लेसी. प्लास्टिकच्या डब्यांना नावं ठेवायची आणि आपण लड्यांचा साठा करायचा, तोही परिग्रहच. मग भेटींचे फोटो फिरतात, कुणाला किती अंगठे आले ते मोजलं जातं आणि साधं शिवणारी बाई गप्प होते. पुढच्या वर्षी तीच म्हणते, ३०० रुपये घ्या पण मला सोडवा. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

म्हणून माझा प्रतिप्रस्ताव आहे. भेटीला नवीन सामान १०० रुपयांच्या वर नको. कापड आधी घरातलं, म्हणजे जुनी सुती साडी, धोतर, शर्टाची पाठ. आमच्या इचलकरंजीसारख्या मागांच्या गावात कापडाच्या तुकड्याला कधी तोटा पडतो? दोऱ्याची ८ मीटरची एक लडी दहा रुमालांच्या अक्षरांना पुरून उरते. फोटो काढायचा तर सगळ्यांचा एकत्र, वस्तूंची रांग लावून नव्हे. आणि आपल्या नेमातल्या गोष्टी आपण सांभाळाव्यात. रेशमाचा धागा नको, कारण तो काढण्यासाठी कोश आतल्या जिवासकट गरम पाण्यात टाकतात. शिंपल्याची बटणं नकोत, लाकडाची किंवा कापडाने मढवलेली चालतील. गुंता होऊ नये म्हणून दोऱ्याला मेण लावायचं तर मधमाश्यांचं नको, मेणबत्तीचा तुकडा ओढला की काम होतं. पेठेतून एकगठ्ठा आणलेल्या वस्तूत काय काय गेलं आहे ते कुणाला विचारणार? इथे प्रत्येक धाग्याचा जाब आपण देऊ शकतो.

वर्गणीचे ४,२०० रुपये काढायचेच असतील तर त्यालाही माझी ना नाही. ते घेऊन गावातल्या, पोटासाठी वाकळ शिवणाऱ्या बाईकडे जावं, ती सांगेल त्या दराने बसतील तेवढ्या वाकळी घ्याव्यात आणि वृद्धाश्रमात द्याव्यात. त्या पैशात खरी देणारी आणि खरी घेणारी तरी असेल.

तुमच्या मंडळात हा विषय निघाला तर बैठकीत गप्प बसू नका. 'सगळ्यांचं मत असेल तसं' म्हणून मान हलवू नका, आपल्या कितीतरी चांगल्या पद्धती अशा मान हलवण्यानेच गेल्या. आमची बैठक पुढच्या रविवारी आहे. काय ठरलं ते कळवीनच. मत विरोधात गेलं तरी माझं नाव लिहिलेली चिठ्ठी मी दिवाळीनंतर वाटीत टाकणार आहे, आणि आणखी पाचजणींनी तसं कबूल केलं आहे. सहाजणींचा स्वॅपही स्वॅपच असतो.